तोफेच्या तोंडी दिलेलं कवन

जबलपूर शहराच्या उत्तरेला, कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अधारताल आहे. राणी दुर्गावतीचे दिवाण अधारसिंह कायस्थ यांनी बांधवलेला तलाव, म्हणून हे नाव. राणीचा तो राणीताल, तिच्या दासीचा तो चेरीताल. बावन्न तलावांचं गाव अशी जबलपूरची जुनी ख्याती होती. त्यातले कितीतरी तलाव आता बुजले. चेरीताल मोहल्ल्याच्या नावापुरता उरला, राणीतालात क्रीडासंकुल आलं. अधारतालात मात्र अजून पाणी आहे, आणि त्याच्या भोवती दाट वस्ती.

मराठी माणसाला अधारताल ठाऊक असायला आणखी एक कारण आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय इथेच आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला 'जेएस-३३५' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. सोयाबीनचा तो वाण याच विद्यापीठाचा, आणि त्यातला 'जे' जवाहरमधला. माझी मावसबहीण, आमची ताई, आणि भावोजी या विद्यापीठाच्या परिसरात बरीच वर्षं राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी अधारतालातच घर बांधलं. मी उतरले होते त्यांच्याकडे.

येताना गाडीत होसे रिसाल यांची 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी वाचत होते. फिलिपिन्सच्या या राष्ट्रपुरुषाने दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांनी स्पेनच्या सव्वातीनशे वर्षांच्या सत्तेखालची जमीन हलवली. रात्री जेवताना मी भावोजींना सहज म्हटलं, एका माणसाच्या लिहिण्याला एवढी धास्ती खाणारं सरकार आपल्याकडे कधी होतं का? भावोजींनी ताटावरून मान वर केली.

"अहो, या गावात एका राजाला कवितेपायी तोफेच्या तोंडी दिलंय," ते म्हणाले. "उद्या मालगोदाम चौकात जाऊन या. आणि तिथून टाऊन हॉलला गेल्याशिवाय परत येऊ नका."

मालगोदाम चौक रेल्वे स्थानकाजवळ आहे. रहदारीचा, हॉर्नचा, घाईचा चौक. तिथे राजा शंकर शाह आणि कुंवर रघुनाथ शाह या बापलेकांचं स्मारक आहे. हे गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्याचे वारस. दुर्गावती याच घराण्याची सून. १५६४ मध्ये मोगल फौजेशी लढताना बरेल्याजवळ नर्रई नाल्यापाशी ती पडली. पुढे राज्याचे लचके तुटत गेले. आपण मराठी वाचकांनी हेही लक्षात ठेवावं, की गढा-मंडल्याचं ते राज्य संपवणारे इंग्रज नव्हते. सागरच्या मराठ्यांनी ते जिंकलं, १७९८ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे आलं, आणि १८१७ मध्ये भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेलं. १८५७ साल उजाडलं तेव्हा शंकर शाह म्हातारे झाले होते. गढ्याजवळच्या पुरवा गावात ते निवृत्तिवेतनावर राहत. फौज नाही, किल्ला नाही, तिजोरी नाही. पण आसपासच्या गोंडांच्या आणि जमीनदारांच्या मनात राजा म्हणजे तेच.

जबलपूरच्या छावणीत तेव्हा ५२ वी बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्री होती. त्या पलटणीतल्या काही शिपायांचं आणि राजाचं सूत जुळल्याचा वास इंग्रज अधिकाऱ्यांना लागला. मोहरमच्या दिवशी छावणीवर चालून जायचं, असा बेत असल्याची खबर होती. डेप्युटी कमिशनर क्लार्क याने फकिराच्या वेशात हेर पाठवून खातरजमा करून घेतली आणि सप्टेंबरच्या मध्यावर पुरव्यावर छापा घातला. राजा, राजपुत्र आणि त्यांची काही माणसं पकडली गेली. घराची झडती झाली.

या झडतीत सापडलेल्या वस्तूमुळे ही हकिकत इतर फाशींच्या आणि तोफांच्या हकिकतींहून वेगळी होते. राजाच्या बिछान्याजवळ एक रेशमी थैली होती. थैलीत एक कागद, आणि कागदावर राजाच्याच हातचं एक कवन. देवीला घातलेलं साकडं ते. शत्रूचं निर्दाळण कर, इंग्रजांचा समूळ नाश कर, आपल्या लेकरांचं रक्षण कर, अशा आशयाचं. कमिशनर अर्स्किनने आपल्या अहवालात त्याचं इंग्रजी भाषांतर नोंदवून ठेवलं, म्हणून सरकारी दप्तरात ते टिकलं. ज्या कागदावर ते लिहिलं होतं, त्याची दुसरी बाजू कोरी नव्हती. मेरठच्या उठावानंतर सरकारने काढलेल्या जाहीरनाम्याचा तो तुकडा होता. एका बाजूला कंपनी सरकारची तंबी आणि पाठीमागे, त्याच कागदावर, देवीची प्रार्थना.

म्हाताऱ्या राजाला दुसरा कागद मिळाला नसेल असं नाही. मला वाटतं, त्याने तो जाणूनबुजून निवडला. जाहीरनामा वाचून झाल्यावर माणसाने तो उलटा करावा आणि आपलं उत्तर लिहावं, तसं ते आहे.

१८ सप्टेंबर १८५७ रोजी बापलेकांना रेसिडेन्सीसमोर आणलं गेलं. त्यांना तोफांच्या तोंडाशी बांधलं आणि तोफा डागल्या. दहशत बसावी म्हणून हे सर्वांदेखत केलं होतं. त्याच रात्री ५२ वी पलटण छावणी सोडून पाटणच्या दिशेने निघून गेली, आणि तिथे असलेला लेफ्टनंट मॅकग्रेगर तिच्या हाती लागला. इंग्रजांना धाक बसवायचा होता. पलटणीने चोवीस तासांच्या आत त्याचा निकाल लावला.

स्मारकापाशी झेंडूच्या माळा विकणाऱ्या बाई बसल्या होत्या. माझ्या बोलण्यावरून त्यांनी मला बाहेरगावची ओळखलं आणि विचारलं, "बाई, पूजा करायची आहे का नुसतं पाहायचं?" मी माळ घेतली. जबलपुरात राजा शंकर शाह–कुंवर रघुनाथ शाह स्वातंत्र्यसैनिक संग्रहालयही झालं आहे. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी, जनजातीय गौरव दिनी, त्याचं उद्घाटन झालं. छिंदवाड्याच्या विद्यापीठालाही शंकर शाहांचं नाव आहे.

चौकातून परत फिरताना रिसाल पुन्हा डोक्यात आले. 'नोली' १८८७ मध्ये बर्लिनला छापली गेली. छपाईचे पैसे मित्राने, माक्सिमो व्हिओलाने, उसने दिले होते. प्रती काढल्या २,०००. युरोपात शिकून मायदेशी परतलेला इबार्रा नावाचा तरुण गावात शाळा बांधायला निघतो आणि गावातले स्पॅनिश पाद्री त्याचं आयुष्य उद्ध्वस्त करतात, एवढी ती गोष्ट. तिच्यात बंडाची हाक नाही. पण मनिलाच्या धर्माधिकाऱ्यांनी पुस्तक विद्यापीठाच्या समितीपुढे ठेवलं, समितीने ते पाखंडी आणि राजद्रोही ठरवलं, सेन्सॉरने बंदीची शिफारस केली. मग लोक ते चोरून वाचू लागले. १८९१ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात दुसरी कादंबरी 'एल फिलिबुस्टेरिस्मो' निघाली. १८७२ मध्ये सरकारने देहदंड दिलेल्या तीन देशी धर्मगुरूंना ती अर्पण केली होती. रिसाल परतले तेव्हा, १८९२ मध्ये, त्यांना दापितानला हद्दपार केलं. ती बातमी मनिलात पसरली आणि आंद्रेस बोनिफासियो आणि त्याच्या सोबत्यांनी 'कातिपुनान' ही गुप्त संघटना उभी केली. सशस्त्र उठावाला रिसालांची संमती नव्हती. तरी ३० डिसेंबर १८९६ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांना बागुम्बायानच्या मैदानात गोळ्या घातल्या. शेवटची कविता त्यांनी स्पिरिटच्या लहानशा स्टोव्हमध्ये दडवून घरच्यांकडे पोचवली.

पुरव्यातली रेशमी थैली आणि मनिलाच्या तुरुंगातला स्टोव्ह यांच्यात चाळीस वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर आहे. दोन्ही ठिकाणी सत्तेने लिहिणाऱ्याला मारलं. फरक झाला तो पुढच्या वाचकांत. रिसालांच्या मागे छापलेली पुस्तकं होती, ती वाचणारी एक शिकलेली पिढी होती. शंकर शाहांचं कवन मात्र शत्रूच्या दप्तरात, शत्रूच्या भाषेत अडकलं. जबलपूरला छापखाना, वर्तमानपत्र आणि वाचक मिळायला अजून बराच काळ जायचा होता. ते मिळाले तेव्हा काय झालं, हे पाहायला मी टाऊन हॉलला गेले.

टाऊन हॉलला आता गांधी भवन म्हणतात. इंग्रजी अमदानीतली देखणी इमारत. १९२३ च्या मार्चमध्ये या इमारतीवर तिरंगा चढला, पोलिसांनी तो उतरवला, आणि तिथून झेंडा सत्याग्रह पेटला. पुढे त्याचं मुख्य ठाणं नागपूर झालं. जमनालाल बजाज, मग सरदार पटेल त्यात उतरले. आपल्या पाठ्यपुस्तकांत नागपूर येतं, पण ठिणगी जबलपूरची. इथे पुढे होते पंडित सुंदरलाल. त्यांना तुरुंग झाला. या गृहस्थांनी पुढे 'भारत में अंग्रेज़ी राज' हा ग्रंथ लिहिला. १९२९ मध्ये तो बाहेर पडला आणि काही दिवसांत सरकारने जप्त केला.

सुंदरलालांबरोबर अठरा वर्षांची एक मुलगी होती: सुभद्राकुमारी चौहान. अलाहाबादजवळच्या निहालपूरची लेक, १९१९ मध्ये खंडव्याच्या ठाकूर लक्ष्मणसिंहांशी लग्न करून जबलपूरला आलेली. असहकाराच्या हाकेला ओ देऊन तिने शिक्षण सोडलं. झेंडा सत्याग्रहात तिला नागपुरात अटक झाली. १९४२ मध्ये पुन्हा तुरुंग. 'झाँसी की रानी' ही तिची कविता हिंदी मुलखातल्या पाच पिढ्यांना तोंडपाठ आहे. ताईची नात, जिचं घरातलं बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी, तिने मला ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एका दमात म्हणून दाखवली. ताई भाकऱ्या थापत होती. तिचेही ओठ सोबत हलत होते.

राणी लक्ष्मीबाई माहेरची तांबे, सासरची नेवाळकर. तिच्याविषयीचं एक अस्सल मराठी लेखन आपल्याकडे आहे: पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे द्रव्य मिळवायला गेले, इंग्रजांच्या वेढ्यात झाशीत सापडले, आणि म्हातारपणी त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ मध्ये छापला. सुभद्राकुमारींनी मात्र आपली राणी बुंदेलखंडातल्या हरबोल्यांच्या तोंडून घेतली. दारोदार फिरून वीरगाथा गाणाऱ्या भिक्षेकऱ्यांच्या तोंडून. शंकर शाहांच्या कवनाला जो लोकांचा गळा मिळाला नाही, तो राणीच्या गाथेला मिळाला होता. कवयित्रीने तो छापील पानावर आणला, आणि १९३० च्या दशकात प्रभातफेऱ्यांत, तुरुंगांत, शाळांत ती कविता हिंडली. महानगरपालिकेच्या आवारात सुभद्राकुमारींचा पुतळा आहे. १९४९ मध्ये महादेवी वर्मांनी त्याचं अनावरण केलं. तो पाहायला सुभद्राकुमारी स्वतः नव्हत्या. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी, वसंत पंचमीला, नागपूरहून जबलपूरला परतताना सिवनीजवळ मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला होता.

लक्ष्मणसिंह जबलपुरात काम करत होते 'कर्मवीर'मध्ये, आणि 'कर्मवीर'चं नाव घेतलं की मला ज्यांच्यासाठी हा सगळा लेख लिहावासा वाटला त्या माणसापाशी यावं लागतं. माधवराव सप्रे.

सप्रे मराठी. जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातल्या पथरियात. शिक्षण बिलासपूर, रायपूर, काही काळ जबलपूर, ग्वाल्हेर, बी. ए. झाले कलकत्ता विद्यापीठाचे. सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवायचं काम धरलं आणि त्या आडगावातून जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं. ते तीन वर्षं चाललं. त्याच मासिकात १९०१ मध्ये त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आली. हिंदीतली पहिली कथा कोणती, या वादात हिचं नाव हमखास निघतं.

कथा दोन-तीन पानांची. एका जमीनदाराच्या वाड्याला लागून एका विधवेची झोपडी. जमीनदाराला वाड्याचं आवार वाढवायचं असतं. तो कोर्टकचेरी करून, वकिलांच्या थैल्या भरून झोपडी बळकावतो. म्हातारी परागंदा होते. एके दिवशी ती टोपली घेऊन येते आणि म्हणते, माझी नात घर सोडल्यापासून जेवत नाही. या झोपडीतली टोपलीभर माती द्या, तिची चूल घालीन, त्या चुलीवरची भाकर ती खाईल. जमीनदार हो म्हणतो. म्हातारी टोपली भरते आणि त्यालाच विनवते, जरा हात लावा, डोक्यावर घेते. तो वाकतो, जोर लावतो, टोपली हलत नाही. तेव्हा म्हातारी एवढंच विचारते, की ही एक टोपली उचलत नाही, तर झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहाल?

कथेत इंग्रज नाही, सरकार नाही. पण वकिलांच्या जोरावर दुसऱ्याची जमीन गिळणारा कोण, हे १९०१ च्या वाचकाला वेगळं सांगायची गरज नव्हती. रिसालांच्या इबार्राची शाळा वाचताना फिलिपिनो वाचकाला जे कळलं असेल, तेच.

मग टिळक आले. 'केसरी'ची हिंदी आवृत्ती म्हणून सप्र्यांनी एप्रिल १९०७ मध्ये नागपूरहून 'हिंद केसरी' काढला. स्वदेशी आणि बहिष्कारावरची त्यांची पुस्तिका सरकारने जप्त केली. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. बरोबर महिन्याने, २२ ऑगस्टला, सप्र्यांना राजद्रोहाच्या कलमाखाली पकडलं. तुरुंगात घरच्यांचा दबाव इतका वाढला की त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले.

ही सही त्यांना फार जड गेली. रामदासी संप्रदायात जाऊन, माधुकरी मागून, त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. मला या माणसाचा सर्वांत मोठा गुण इथे दिसतो. माफीनंतर बहुतेक जण गप्प राहतात किंवा सरकारी वळचणीला जातात. सप्र्यांनी लेखणी खाली ठेवली नाही, फक्त तिची जागा बदलली. समर्थांचा 'दासबोध' त्यांनी हिंदीत नेला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेलं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरचा ग्रंथ हिंदीत नेला. गोडसे भटजींचा प्रवास छापणारे तेच हे वैद्य. काशी-प्रयागच्या तरुणांनी 'गीतारहस्य' वाचलं ते सप्र्यांच्या शब्दांत. कर्मयोगाचं ते तत्त्वज्ञान हिंदी मुलखाच्या राजकारणात पोचलं, त्यात या रायपूरच्या मराठी माणसाचा वाटा आहे, आणि तो पुण्या-मुंबईत क्वचितच कुणी सांगतं. हिंदीत लिहिलं, एवढ्यावरून आपण त्यांना आपल्या यादीतून वगळलं, असं मला मनापासून वाटतं.

१७ जानेवारी १९२० रोजी जबलपूरहून 'कर्मवीर' साप्ताहिक निघालं. त्याच्या उभारणीमागे सप्रे होते आणि पंडित विष्णुदत्त शुक्ल होते. संपादक म्हणून सप्र्यांनी हेरलेला तरुण म्हणजे माखनलाल चतुर्वेदी. परवान्याच्या वेळची एक आठवण जबलपुरात आजही सांगतात: इंग्रजी साप्ताहिक असताना हिंदी कशाला, असं मॅजिस्ट्रेटने विचारलं. चतुर्वेदींनी तोंडावर सांगितलं, की ते पत्र भीत भीत चालतं आणि मला ब्रिटिश सत्ता चालता चालता थांबेल असं पत्र काढायचं आहे. सागरजवळच्या रतौना इथे सरकार मोठा कत्तलखाना उभारत होतं. 'कर्मवीर'ने त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. मे १९२१ मध्ये चतुर्वेदींना राजद्रोहाखाली अटक झाली. बिलासपूरच्या तुरुंगात त्यांनी 'पुष्प की अभिलाषा' ही कविता लिहिली. हिंदी शाळांतली मुलं आजही ती पाठ करतात.

म्हणजे १८५७ मध्ये ज्या गावात एक कवन लिहिणाऱ्याला तोफेला बांधलं, त्याच गावात साठेक वर्षांनी साप्ताहिक होतं, त्याचा संपादक तुरुंगात जाऊन कविता लिहीत होता, त्याच्या सहकाऱ्याची बायको झेंडा घेऊन रस्त्यावर होती, आणि या सगळ्यांना एकत्र आणणारा मराठी माणूस मागे उभा होता. १९३९ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नर्मदेकाठी त्रिपुरीला, म्हणजे जबलपूरच्याच वेशीवर, भरलं. त्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या कमानिया गेटखालून मी गेले तेव्हा संध्याकाळ होती. तिथल्या बाजारात खव्याची जिलबी मिळते. काळसर, जड, पाकात बुडालेली. ताईसाठी बांधून घेतली.

सप्रे तोपर्यंत राहिले नाहीत. १९२४ मध्ये डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूरला वारले. 'कर्मवीर' त्याआधीच, १९२५ मध्ये, खंडव्याला हलला होता आणि चतुर्वेदींनी तिथून तो पुढे दीर्घकाळ चालवला. सप्र्यांचं नाव आज सर्वांत ठळक दिसतं ते भोपाळला. विजयदत्त श्रीधर यांनी १९८४ मध्ये तिथे माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय सुरू केलं. देशातली जुनी वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं तिथे जपून ठेवली आहेत, अभ्यासकांना वाचायला मिळतात. जबलपूरहून रेल्वेने भोपाळ पाच-सहा तासांवर आहे. महाराष्ट्रातून भेडाघाट आणि धुवांधार पाहायला जाणाऱ्यांनी परतीचं तिकीट भोपाळमार्गे काढावं, आणि जबलपुरात असताना अधारतालातून मालगोदाम चौक, गांधी भवन आणि महानगरपालिकेचं आवार असा एक दिवस ठेवावा. सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालं की संध्याकाळपर्यंत सगळं होतं.